वरची मूठ

परवा सुनेनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, हे ऐका, तुम्हाला आवडेल." पडद्यावर कोट घातलेला एक तरुण ख्रिस्ती प्रचारक होता, त्याच्या मागे गुलाबाची फुलं, आणि खाली कसलंसं रडकं संगीत चाललेलं. डोळे मिटून तो सांगत होता की विनाअट प्रेम किती गोड असतं, मनाला किती शांती देतं. गोड म्हणे! मी मोबाईल परत दिला आणि मेथी निवडायला बसले. सून बिचारी गोंधळली. तिला काय सांगणार? विनाअट प्रेम मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या आईच्या उजव्या मुठीत असायचं ते, रोज सकाळी चुलीपुढं, आणि त्याच्याइतकी माणसाला चीड आणणारी दुसरी गोष्ट मी उभ्या जन्मात पाहिली नाही. त्या मुलाला एकदा वेल्ह्याला नेऊन आईच्या घरात ठेवायला हवं होतं. गुलाब कुठल्या कुठं उडून गेले असते.

वेल्ह्याला बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं दोन खणांचं घर होतं. पुढं पडवी, मागं उखळ आणि तिथून उतरत गेलेलं भाताचं एक खाचर. पावसाळ्यात तोरणा महिना-महिना दिसायचा नाही, कपडे वाळायचे नाहीत, आणि चुलीचा धूर बाहेर जायचं नाव घ्यायचा नाही, त्यामुळे आमच्या अंगाला, वह्यांना, अगदी नाताळच्या नव्या फ्रॉकलासुद्धा धुराचा वास असायचा. आई गावातल्या लहानशा दवाखान्यात आया होती. सकाळी स्वयंपाक उरकून ती जायची, दुपारी जेवायला घरी यायची आणि पुन्हा जायची. तिचा आवाज मला फारसा आठवत नाही, कारण ती बोलायचीच कमी. तिच्या भाकरीचा आवाज मात्र आठवतो. नाचणीची भाकरी ती अशी थापायची की शेजारच्या चंद्राकाकूला भिंतीपलीकडून कळायचं सगुणाबाईचं आज बिनसलंय की ठीक आहे. खाणं साधंच. कुळथाचं पिठलं, पावसात टाकळ्याची नाहीतर कुर्डूची भाजी, ओढ्याचे खेकडे मिळाले तर सणच. आणि भात. भातावाचून आमच्याकडे कुणी जेवलो म्हणत नसे. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, पण त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. नाताळच्या आमच्या करंज्या साऱ्या आळीत जायच्या, दिवाळीच्या त्यांच्या आमच्याकडे यायच्या, आणि कुणाच्या करंज्या खुसखुशीत झाल्या यावरून तेवढं काकूचं आणि आईचं वाजायचं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, भोरला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, असे, त्याला आम्ही पहाटेच्या एसटीनं नसरापूरवरून भोरला जायचो. एरवी घरीच प्रार्थना. त्या मंडळीत बायकांची एक रीत होती. भात रांधायचे तांदूळ मापट्यानं सुपात घ्यायचे आणि धुण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची मूठ. महिनाभर साठलेले डबे बायका भोरला घेऊन यायच्या आणि मंडळीतल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी ते तांदूळ जायचे. रीत चांगलीच होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण आमच्या घरात त्या रीतीला एक शेपूट फुटलं होतं. देवाची मूठ काढून झाली की आई उठायची, कणगीत हात घालायची आणि आणखी एक मूठ काढून ती उलट सुपात टाकायची. घरात खाणारी आम्ही दोघी, आणि भात शिजायचा तिघांचा. ह्या मुठीला आम्ही वरची मूठ म्हणायचो. ती कुणाची, हे आईनं मला कधी सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. आप्पा गेला त्या आठवड्यात ती सुरू झाली होती.

आप्पा म्हणजे माझा बाप. घरात त्याला अहो-जाहो करायची पद्धत होती. तो गेल्यावर मी ती सोडली, आणि ह्या वयात पुन्हा धरायचा माझा विचार नाही. तो गवंडी होता, हाताला चांगला होता, आणि त्याहून चांगली पेटी वाजवायचा. मंडळीची पेटी त्याच्याच ताब्यात असायची. गीत सुरू झालं की तो मान तिरकी करून भात्याला असा हात लावायचा की पुढच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्यासुद्धा पदर सावरायच्या. मी तेव्हा लहान होते, मला त्याचा केवढा अभिमान! एका सकाळी तो म्हणाला, पेटीचा एक सूर बसलाय, पुण्याला दुरुस्तीला नेतो. पेटी खांद्यावर घेऊन तो एसटीत चढला आणि गेला तो गेलाच. महिन्या-दोन महिन्यांनी कळलं की पुण्यात त्यानं दुसरं घर केलंय. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, वेल्ह्याला आले. आईनं त्यांना चहा केला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला पेटीचा होता आणि दुसराही पेटीचाच. मंडळीला नवऱ्यानं टाकलेल्या बाईपेक्षा पेटीचं दुःख जास्त झालं होतं. पुढं कित्येक वर्षं आम्ही भोरला बिनपेटीची गीतं गायलो. कुणीतरी वरच्या पट्टीत सुरुवात करायचं, अर्ध्यात सगळ्यांचे आवाज फाटायचे, आणि मग साऱ्या माना हळूच आमच्याकडे वळायच्या, जणू पेटी आम्हीच पदराखाली लपवलेली आहे. आई समोर बघत गात राहायची. मी माझ्या वयाच्या मानानं फार लवकर दात-ओठ खायला शिकले.

आणि एवढं होऊन घरात त्याची मूठ रोज शिजत होती. तो भात खायचा कोण? मुक्कामी गाडीचा कंडक्टर खायचा, वाट चुकून आलेला एखादा मेंढपाळ खायचा, कुणी नसलं तर काकूची म्हैस खायची. भादव्यात कणगीचा तळ दिसायला लागायचा, आम्ही दोघी एक वेळ नाचणीवर काढायचो, तरी ज्या वेळी भात व्हायचा त्या वेळी वरची मूठ पडायचीच. मी थोडी मोठी झाले, स्वयंपाक माझ्याकडे आला, तेव्हा एक दिवस मी ती घातली नाही. देवाची काढली, पण वरची घातली नाही. दुपारी आई आली, हातपाय धुऊन चुलीपाशी बसली, भगुल्यावरचं झाकण उचललं आणि लगेच म्हणाली, "मूठ कमी हाय."

"कुणासाठी घालायची?" मी म्हणाले. "त्यो तिकडं दुसरीच्या हातचं गिळतोय. हितं त्याचा भात कशाला शिजवायचा?"

तिनं मला मारायला हवं होतं. मी तयारच होते. पण तिनं काय केलं, तर स्वतःच्या ताटातला भात मुठीएवढा बाजूला केला, तो परत भगुल्यात टाकला, झाकण ठेवलं आणि उरलेलं जेवून कामावर गेली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? दुसऱ्या दिवसापासून मी मूठ घालायला लागले, पण ती अशी आपटून घालायची की अर्धे तांदूळ सुपाबाहेर उडायचे. ते एकेक वेचायलाही मलाच लागायचं.

तो आला तो असाच भादव्यात, भर दुपारी. माझी मॅट्रिक झाली होती, पुढं शिक्षिकेच्या शिक्षणाला भोरला जायचं ठरत होतं. मी पडवीत कुळीथ पाखडत होते. समोर सावली पडली म्हणून वर पाहिलं तर गालफडं बसलेला, छातीचा भाता झालेला एक माणूस उभा. खांद्याला पिशवी. पेटी नाही. मी ओळखलं ते त्याच्या तिरक्या मानेवरून.

"मार्थे," तो म्हणाला, "आई हाय का घरात?"

जसा काही कोपऱ्यावर तंबाखू आणायला गेला होता आणि परत आला! तेवढ्यात आईच दवाखान्यातून जेवायला आली. दारात दोघं समोरासमोर. मला वाटलं आता होईल. आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडेल, आळी गोळा होईल, आणि ती त्याला उंबऱ्यावरून हाकलेल. मी सूप खाली ठेवून उभी राहिले, कारण मला त्यातला एक शब्दही सोडायचा नव्हता. आईनं त्याच्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत, दवाखान्यात पेशंटला पाहतात तसं. मग ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि पायरीवर ठेवला.

"हातपाय धुवा," ती म्हणाली. "भात गार व्हतोय."

आणि भात होता. हेच तर मला सहन झालं नाही. एवढी वर्षं जी मूठ कंडक्टरनं आणि म्हशीनं खाल्ली, तिचा धनी त्या दिवशी खरोखर ताटावर येऊन बसला, आणि त्याला एक शीतही कमी पडलं नाही. तो खाली मान घालून जेवत होता. माझी आई वाढत होती. भिंतीपलीकडून चंद्राकाकूला वास लागला असावा, ती दारात येऊन उभी राहिली आणि तिचे डोळेच मोठे झाले.

"सगुणे, येडी का खुळी गं तू?" ती ओरडली. "म्या असती तर त्यो तांब्या त्याच्या टाळक्यात घातला असता!"

"तांब्याला पोचा आला असता," आई म्हणाली आणि त्याला आमटी वाढली.

संध्याकाळी मी तिला मागच्या दारी उखळापाशी गाठलं. ती मुसळ घेऊन भात कांडत होती. मी म्हणाले, "ठेवणार हाईस का त्याला?"

"पडवीत पडंल. छाती वाजतीया त्याची. कुठं जाईल?"

"जितनं आला तितं जाईल! तिनंच हाकलला असंल, आता कामाचा न्हाई म्हणून. आन तू त्याला भात वाढतीस? इचार तरी त्याला. येवडं तरी इचार, का गेलास म्हणून."

मुसळ थांबलं नाही. "इचारलं तर सांगंल," ती म्हणाली. "आन सांगंल ते खोटं सांगंल. त्याला कशाला आनिक एका पापात घालू?"

"तुला राग कसा येत न्हाई गं?"

आता मात्र ती थांबली. घाम पुसून माझ्याकडे बघितलं. "कोण म्हनलं न्हाई? भाकरी कशावर थापते म्या इतकी वर्सं? त्यानं काय केलं ते तुज्यापरीस मला जास्त ठावं हाय. त्यातलं काई इसरले न्हाई म्या. पर मार्थे, देवानं माज्यावर माया केली ती मला इचारून न्हाई केली. तू चांगली हाईस का, उद्या चांगली राहशील का, असं काय बी इचारलं न्हाई. दिली ती दिली. मग मी ह्याला भात देताना कुठल्या तोंडानं इचारू?"

हे ऐकून मी विरघळले असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हे पान इथंच मिटावं. माझं टाळकं फिरलं. मला त्या देवाचाही राग आला. काहीही न विचारता देत सुटणारा देव! मग मी इतकी वर्षं सरळ राहिले, पाणी भरलं, खाचर लावलं, भाकऱ्या भाजल्या, त्याची किंमत काय? पळून गेलेल्यालाही भात आणि राबलेलीलाही तेवढाच भात? मी तिला म्हणाले, "त्यो हितं ऱ्हाणार असंल तर म्या ऱ्हाणार न्हाई. त्यो न्हाईतर म्या. सांग."

तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "म्या तुला जा म्हनत न्हाई. त्यालाबी म्हनत न्हाई." आणि पुन्हा मुसळ उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी भोरला लीलामावशीकडे गेले. दोन लुगडी पिशवीत कोंबली, पत्र्याची ट्रंक मागं राहिली. निघताना त्याच्याकडे पाहिलं नाही. तो पडवीत घोंगडीवर पडून खोकत होता आणि मधूनच एक गीत गुणगुणत बोटांनी ताटावर ठेका धरत होता. माझा पाय त्या ठेक्यावर हलायला लागला तेव्हा मला माझ्या पायाचासुद्धा राग आला.

मावशीचं घर नदीच्या बाजूला होतं. ती चांगली होती, पण तिच्याकडे भात मोजून व्हायचा आणि पाहुणा आला की तिच्या कपाळाला आठी पडायची. मी शिकायला जात होते, धुणी-भांडी करत होते आणि मनातल्या मनात आईशी अखंड भांडत होते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आई प्रभुभोजनाला आली. हातात मुठीचा डबा, आणि मागून तो. साऱ्या मंडळीची मान वळली. पाळकसाहेब पुढं झाले आणि म्हणाले, "पेटी कुठं आहे?"

"मोडली," आप्पा म्हणाला. मला आजही खात्री आहे की विकली होती.

मग पाळकसाहेबांनी नियम सांगितला. ज्यानं घर मोडलं आणि मंडळीची वस्तू नेली, त्यानं चार जणांत उभं राहून पाप कबूल करावं, तोवर त्याला प्रभुभोजन नाही. त्यानं मागं दाराशी बसावं. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. मला तर तो ऐकून गार वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं! कबूल करायचं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो दाराशी, चपला काढतात तिथं जाऊन बसला. आमच्याकडे बायका एका अंगाला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या अंगाला. मी पुढं बसले आणि आईसाठी जागा धरली. ती आली, डबा पुढं ठेवला, मागं वळली, आणि बायकांची सतरंजी सोडून, मधली वाट ओलांडून, पुरुषांच्या बाजूला चपलांपाशी त्याच्या शेजारी जाऊन बसली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. पाळकसाहेबांनी खाकरून पाहिलं. आई मांडी घालून बसली होती, पदर डोक्यावर, नजर समोर, बिनपेटीचं गीत गाताना बसायची तशीच.

आणि त्या दिवशी उपदेश कशावर असावा? येशूनं सांगितलेल्या, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या दाखल्यावर! बाप त्याला लांबून पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मेजवानी करतो. पाळकसाहेब सांगताना गहिवरले. मी बसल्या जागी धुमसत होते. ज्याच्या नावानं गहिवरताय तो मागं चपलांत बसवलाय ना तुम्ही? आणि त्या दाखल्यात आई कुठं आहे? मेजवानीची चूल कुणी पेटवली? एवढ्या लोकांचं रांधलं कुणी? तो दाखला मी पुढं शाळेतून निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी तोंडांनी ऐकला. त्या बाईबद्दल अजून कुणी एक शब्द काढलेला नाही. भाकर आणि द्राक्षारस पुढं आला. मी उठून घेतला. मला हक्क होता. आईनं घेतला नाही. त्याला मिळत नव्हता म्हणून तिनंही घेतला नाही, आणि मी गुडघे टेकले तेव्हा माझ्या शेजारची तिची जागा रिकामी होती.

उपासना सुटल्यावर अंगणात बायकांनी मला घेरलं. क्षमा कर गं पोरी, बाप आहे तुझा. पाळकसाहेबही आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मार्था, आईकडून शीक. जोवर तू बापाला मनापासून क्षमा करत नाहीस, तोवर देव तुझी प्रार्थना ऐकणार नाही." मी काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला. तेवढा मोठा आवाज मी तिचा पहिल्यांदाच ऐकला.

"साहेब, हात काडा."

सगळे वळले. ती रिकामा डबा काखेला लावून उभी होती. "ह्यांला तुमी चपलांपाशी बसवलं, तुमचा कायदा हाय, म्या काई बोलले न्हाई," ती म्हणाली. "पर माज्या पोरीच्या रागाला हात लावायचा न्हाई. त्यो तिचा हाय. उपाशी राहून, राबून कमावलाय तिनं. म्या ह्यांला घरात घेतलं म्हंजी हिनं बी घ्यावं, असं कुणी सांगितलं तुमाला? देव हिचं ऐकतो का न्हाई ते त्यो बघंल आन ही बघंल."

एवढं बोलून ती आप्पाला घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागली. पाळकसाहेब हात खिशात घालून उभे. मला काय वाटलं म्हणून विचाराल तर माझी आणखीच चिडचिड झाली. ती माझ्या बाजूची आहे म्हणावं तर ती त्याच्या शेजारी बसते. त्याच्या बाजूची म्हणावं तर माझ्यासाठी पाळकाच्या तोंडावर बोलते. हिची बाजू तरी कुठली? मी त्या रात्री कूस बदलत राहिले आणि सकाळी ठरवून टाकलं की वेल्ह्याची ट्रंक आणायची आणि तो नाद कायमचा सोडायचा.

दिवाळी होऊन गेली, झोडणी सुरू झाली, तेव्हा एका आडवारी मी कुणालाही न कळवता वेल्ह्याला गेले. मुद्दामच. मला पाहुणचार नको होता. दुपारची वेळ, रस्त्यावर सगळीकडे नव्या पेंढ्याचा वास, खळ्यांवरून भात झोडल्याचा धपधप आवाज. मी दारात पोचले तेव्हा आप्पा ताटावर बसला होता. आई चुलीपाशी. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नाही. उठली, तांब्या भरला, पायरीवर ठेवला.

"हातपाय धू," ती म्हणाली. "भात गार व्हतोय."

तोच तांब्या, तेच शब्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्या जेवायला न्हाई आले," मी म्हणाले. "ट्रंक न्यायला आलीया."

"ने की. जेवून ने."

"कळवलं नव्हतं म्या. तुमच्या दोघांच्यातला मला नको."

आईनं माझं ताट मांडलं. बोलला तो आप्पा. घास तसाच हातात धरून, तक्रार केल्यासारखा. "खा बाई, खा एकदाची," तो म्हणाला. "तुजाच हाय त्यो. रोज राहातो भगुल्यात. म्या एक दिस म्हनलं, जरा वाड, भूक हाय, तर हिनं पळी मारली हातावर. मार्थीचा हाय म्हनली. रोज म्हशीला घालती, पर मला देत न्हाई."

मी झाकण उचललं. एका माणसाचा भात होता, न उकरलेला, बाजूला सारून ठेवलेला, नव्या आंबेमोहोराचा. मी आईकडे पाहिलं.

"ते आले, त्यांचं मापट्यात धरलं," ती चुलीतला जाळ मागं ओढत म्हणाली. "वरची मूठ तू गेलीस तवापासनं तुजी."

मी हातपाय धुतले आणि जेवले. रागातच जेवले. समोर तो बसला होता आणि त्याच्याकडे मी पाहिलं नाही. तो पुढं दोन पावसाळे जगला. त्यानं कधी कुणाची क्षमा मागितली नाही आणि मीही त्याला ती दिली नाही, आजतागायत नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागं कुणी माझा फोटो लावून त्याखाली गोड काही लिहू नये. आईनं त्याचं सगळं केलं, पण घराच्या कुलपाच्या आणि पैशाच्या डब्याच्या किल्ल्या तिच्या कमरेलाच राहिल्या, हेही लिहून ठेवते. मला कुणी विचारलं की देवाचं प्रेम कसं असतं, तर मी त्या पळीबद्दल सांगते. ऐकणाऱ्याला ते पटत नाही.

ट्रंक मी त्याच दिवशी नेली. पण नंतर नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, तरी आई होती तोवर मी वेल्ह्याला जात राहिले, आणि कधीही कळवून गेले नाही. कधी सकाळच्या गाडीनं, कधी मधल्याच वारी, कधी ऐन भादव्यात, कणगीचा तळ दिसायच्या दिवसांत. तिला एकदा तरी पकडावं, एकदा तरी झाकण उचलावं आणि आत भात नसावा, एवढीच माझी इच्छा होती. तसं झालं असतं तर मी तिच्याशी मनसोक्त भांडले असते. ती संधी तिनं मला शेवटपर्यंत दिली नाही.